चांदवडची टांकसाळ आणि सोनाराची कडी

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी समाजातील थोर पुरुषांची चरित्रे येतात, देणगीदारांची नामावली येते, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. ती यावीत हे योग्यच आहे. परंतु ज्या हातोडीवर, फुंकणीवर आणि कानशीवर पिढ्यान् पिढ्या आपली घरे चालली त्यांच्याविषयी चार पाने कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. संपादक मंडळींनी यंदा आम्हांस चांदवडच्या इतिहासावर काही लिहावे अशी आज्ञा केली. होळकरांच्या रंगमहालाविषयी आणि रेणुकादेवीच्या स्थानाविषयी आमच्याहून अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. म्हणून आम्ही आपल्या धंद्यातील अगदी क्षुल्लक वस्तू, म्हणजे तारेची कडी, हाती धरून चांदवडच्या टांकसाळीपर्यंत जाण्याचे योजिले आहे. सुज्ञ वाचकांनी हा प्रवास गोड मानून घ्यावा.

चांदवड हे मुंबई-आग्रा मार्गावरचे, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीतले गाव. जुन्या इंग्रजी कागदांत ते 'चांदोर' म्हणून येते. डोंगरातील खिंड ज्याच्या हाती त्याच्या हाती खानदेश आणि गोदाकाठ यांमधली वाट, म्हणून या किल्ल्यासाठी भांडणेही झाली. मोगली अमलात गावास जाफराबाद असे नाव मिळाले होते, आणि ते नाव कागदांतून पुसले गेल्यावरही नाण्यांवर राहिले. येथील रुपयावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असा फारशी लेख असे आणि नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे असे. राज्य होळकरांचे, बादशहा दिल्लीचा आणि गावाचे नाव मोगली! आज याचे नवल वाटते. पण त्या काळी रुपया चालावयाचा तो त्यावरील ओळखीच्या छापामुळे आणि आतल्या चांदीमुळे, आणि बादशहाचे नाव हा त्या छापाचा भाग होता. पेशवाईच्या काळात पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी आणि आणखी कितीतरी ठिकाणचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस निराळा, म्हणून प्रत्येकाचा बट्टा निराळा. बट्टा ठरविणार कोण? तर पोतदार. गावगाड्यात नाणे पारखण्याचे काम या पोतदाराकडे असे आणि हा पोतदार बहुधा सोनारच असे. आज आपल्या समाजात पोतदार आडनावाची जी घरे आहेत त्यांतील मुलांना आपल्या आडनावाचा हा अर्थ कोणी सांगत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

टांकसाळ प्रथम डोंगरावर किल्ल्यात होती, पुढे ती खाली गावात आली. तिच्या कामाचे वर्णन १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात दिले आहे, आणि ते आम्हांस इतके मोलाचे वाटते की येथे विस्ताराने सांगतो. टांकसाळीत चारशे कारागीर होते. कसास उतरलेली चांदी त्यांना ठरावीक प्रमाणात मिळे. ती तोडून तिचे लहान तुकडे करावयाचे, ते ठोकून गोल करावयाचे आणि तोलावयाचे. प्रत्येक तुकड्याचे वजन बिनचूक असावे याची जेवढी काळजी घेत तेवढी सगळे तुकडे एका आकाराचे असावेत याची घेत नसत. यासाठी चारशेही जणांस तराजू आणि वजने दिलेली होती, आणि ती दर आठवड्यास टांकसाळीचा कारभारी तपाशी. तुकडे पसंत झाले की छापण्यास जात. ऐरणीसारखे एक अवजार, त्याच्या मध्यभागी खळगी, खळगीत उलटी अक्षरे कोरलेली. एकाने तुकडा खळगीत टाकावयाचा, दुसऱ्याने त्यावर शिक्का धरावयाचा, तिसऱ्याने सहा पौंडांचा घण घालावयाचा. असे तिघे मिळून तासास दोन हजार आणि दहा तासांच्या दिवसात वीस हजार नाणी पाडीत. शिक्का तुकड्यापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच उमटत. सोन्याची आणि तांब्याची नाणीही येथे पडत.

आमची सारी हयात मुलांना त्रैराशिक शिकविण्यात गेली, त्यामुळे आकडे दिसले की स्वस्थ बसवत नाही. तासास दोन हजार म्हणजे दोन सेकंदांच्या आत एक नाणे. घण उचलणारा, शिक्का धरणारा आणि तुकडा टाकणारा यांच्या हातांचा मेळ किती पक्का असला पाहिजे! एखाद्याचा हात अर्ध्या क्षणाने मागे राहिला तर बोटेच जावयाची. आता दुसऱ्या बाजूने पाहू. एकच ऐरण चालू होती असे धरले, तर वीस हजार तुकडे चारशे जणांत वाटले असता दर माणशी दिवसाला पन्नास तुकडे येतात. दहा तासांचे मिनिट सहाशे. म्हणजे एका तुकड्यास बारा मिनिटे. छापणाऱ्यास दोन सेकंद पुरत आणि तोलणाऱ्यास बारा मिनिटे लागत. नाण्याचे खरे काम कोठे होते ते यावरून ध्यानात येईल. चांदी तोडणे, ठोकणे, तापवून मऊ करणे, पुन्हा ठोकणे, तराजूत घालणे, जड झाल्यास कानस मारणे आणि पुन्हा तोलणे, हे सारे त्या बारा मिनिटांत बसवावयाचे होते.

आता येथे एका वादास तोंड दिले पाहिजे. आपल्यातील काही वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात की ते चारशेही कारागीर आपल्याच समाजाचे होते. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या चारशे जणांची नावे आपल्यासमोर नाहीत, आणि नाव नसताना जात चिकटविणे हा इतिहास नव्हे. चांदी आटविणे, कस लावणे, गुंजेपर्यंत तोलणे ही कामे ज्यांच्या घरात चालत आली होती त्यांचा भरणा तेथे मोठा असावा असा तर्क करता येतो. तर्क तो तर्क. परंतु त्या वर्णनात जे स्पष्ट आहे ते आम्हांस या अभिमानाहून अधिक मोलाचे वाटते. सोनार म्हटला की चोरी करावयाचाच, आईच्या सोन्यातसुद्धा हात मारावयाचा, अशी वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या शाळेतील मुलेही एकमेकांस चिडविताना ती बोलत. आणि येथे सरकारी चांदी चारशे जणांच्या हाती सुटी दिलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतंत्र तराजू, आणि तपासणी आठवड्यातून एकदा! तपासणी होती हे खरे. ती असावीच, व्यवहारात विश्वास आणि तपासणी यांचे वैर नाही. पण चारशे माणसे चोर आहेत असे मानून कोणी टांकसाळ चालवू शकत नाही.

इंग्रजांनी चांदवडचा किल्ला प्रथम १८०४ साली घेतला आणि होळकरांस परत दिला. पुढे १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख त्यांच्या हातून गेला. चांदवडही त्यात गेले. टांकसाळ मात्र लगेच थांबली नाही. ती सुमारे १८३० पर्यंत चालू होती. पाठोपाठ १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून सगळ्या मुलखात एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस. आज आपण ज्यास बावीस कॅरट म्हणतो ते सोन्याचे प्रमाणही अकरास बाराच आहे, हे सहज ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सगळे रुपये सारखे झाल्यावर बट्टा गेला, आणि बट्ट्याबरोबर पोतदाराचे कामही गेले. व्यापाराच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण गावोगावच्या पारख्यांच्या उत्पन्नाचा एक झरा एका कायद्याने आटला, हेही तितकेच खरे.

ते हात रिकामे बसले नसावेत. नव्या रुपयाने सोनारास एक वेगळी सोय करून दिली होती. १८९३ सालापर्यंत सरकारी टांकसाळीत कोणीही चांदी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत असा नियम होता. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातील चांदीची किंमत यांत फारसे अंतर नसे. शेतकऱ्याने पीक विकून रुपये आणावेत, त्यांतील वीस-पंचवीस सोनारापुढे ठेवावेत आणि त्यांचेच तोडे किंवा साखळ्या करून घ्याव्यात, असा सरळ व्यवहार होता. चांदीच्या शुद्धतेविषयी वाद नाही, वजनाविषयी वाद नाही. रुपये मोजले की तोळे मोजले गेले. 'रुपयाभार' हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता तो यातूनच. अडचणीच्या वर्षी तोच दागिना पुन्हा वजनावर विकता येई. १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी लोकांस बंद केल्या आणि रुपयाची किंमत त्यातील चांदीपेक्षा वर ठेवली. तेव्हापासून नाणे आटविणे तोट्याचे झाले. १९४० साली रुपयात निम्मीच चांदी उरली, १९४७ साली निकलचा रुपया आला आणि मुशीचा व नाण्याचा संबंध तुटला.

आता कडीकडे वळतो. कडी म्हणजे तारेचे लहानसे वर्तुळ. साखळी तिचीच होते, मंगळसूत्राच्या वाट्या तीच धरून ठेवते, फासा तिलाच अडकतो, पुतळीच्या कानात तीच असते. दागिना पाहणारा तिच्याकडे पाहत नाही; दागिना हरवला म्हणजे मात्र दोष तिच्यावर येतो, आणि तो बहुधा खराही असतो.

चांदी मुशीत आटवून तिची कांब ओततात. कांब ऐरणीवर ठोकून लांब करीत जावे तसतसा धातू कठीण होतो आणि तडकू पाहतो. तेव्हा ती शेगडीत मंद तांबूस होईपर्यंत तापवावी, निववावी आणि पुन्हा ठोकावी. मग टोक कानशीने निमुळते करून ती जंतरातून ओढावयाची. जंतर म्हणजे पोलादाची पट्टी, तिला एकाहून एक लहान अशी भोके. मेणाचा हात फिरवून तार या भोकांतून क्रमाने ओढली की ती बारीक, गोल आणि सरळ होत जाते. (वात्रट मुलास 'जंतरातून काढतो' असा दम आम्ही कित्येक वेळा भरला असेल, पण तो वाक्प्रचार कोठून आला हे मुलांना विचारले असता वर्गात एकही हात वर येत नसे, सोनारांच्या मुलांचासुद्धा नाही.) घाई करून मधले भोक गाळले तर तार तुटते. न तुटली तर आतून फाटते, आणि ते अधिक वाईट, कारण ते डोळ्यांस दिसत नाही.

तयार तार लोखंडी सळईवर वेटोळे वेटोळे शेजारी लागून गुंडाळतात. फेरा फेऱ्यास चिकटून पाहिजे. मध्ये फट राहिली की कडी तिरपी येते. मग सळईवरून वेटोळे काढून ते उभे कापावयाचे. येथे दोन रीती आहेत. छिन्नीने तोडले तर काम झटपट होते, पण तोंडे चेपून तिरकी होतात. बारीक करवतीने कापले तर वेळ लागतो, थोडा चुरा जातो, परंतु दोन्ही तोंडे सपाट येऊन एकमेकांस पूर्ण भिडतात. आमच्या वडीलधाऱ्या कारागिरांचा करवतीवर भर होता, आणि चुरा गोळा करण्यासाठी मांडीवर कातड्याचा तुकडा पसरलेला असे. तरीही जे राखेत आणि धुळीत जाई ते झारेकरी विकत घेऊन धुऊन काढीत. सोनाराच्या दाराची धूळ धुऊन पोट भरणारा एक स्वतंत्र समाज आपल्या मुलखात होता, हे नव्या पिढीस कदाचित खरे वाटणार नाही.

कडी उघडताना तोंडे एकमेकांपासून दूर ओढावयाची नसतात. तसे केले की गोलाई बिघडते आणि ती पुन्हा येत नाही. दोन चिमट्यांनी एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे असे बाजूला वळवावे, दुसरी कडी ओवावी आणि त्याच रीतीने परत आणावे. तार थोडी उसळी घेते, म्हणून टोके जरा पुढे नेऊन मागे घ्यावी लागतात. दोन टोके घासली गेल्याची बारीक कुरकुर बोटांस जाणवली म्हणजे तोंड बसले. मग टाकणखाराचे पाणी लावून डागाचा मोहरीएवढा कण सांध्यावर ठेवावयाचा आणि बाकनळीने दिव्याची ज्योत त्यावर आणावयाची. डाग म्हणजे त्याच चांदीत तांबे-पितळ मिसळून केलेला, कमी आचेवर वितळणारा धातू. आच कमी पडली तर कण गोळा होऊन बसतो. जास्त झाली तर कडीच वितळून थेंब होतो. या दोहोंमधला अवकाश दोन-तीन सेकंदांचा असतो. शेजारचे सांधे उकलू नयेत म्हणून त्यांस ओल्या गेरूचा लेप देतात. शेवटी चिंचेच्या पाण्यात उकळून काळपटपणा घालवावयाचा.

एका जुन्या रुपयात अशा किती कड्या होतील? एक मिलिमीटर जाड तार आणि चार मिलिमीटरची सळई धरू. तोळाभर चांदीची अशी तार सुमारे पावणेपाच फूट निघते. एका कडीस पावणेसोळा मिलिमीटरांच्या आसपास तार लागते. नासधूस मुळीच झाली नाही असे धरले तर नव्वदाच्या वर एखादी कडी होते. तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. म्हणजे एक कडी एका गुंजेहून किंचित जड. हे गणित आम्ही प्रथम मांडले तेव्हा आम्हांस फार गंमत वाटली. टांकसाळीतला कारागीर ज्या लाल-काळ्या बीजापर्यंत वजन उतरवी, त्याच वजनाची ही आपली वस्तू आहे.

बाहीच्या बटणांचे काम या कडीवरच उभे आहे. आपल्या जुन्या पोशाखात बटणे नव्हतीच म्हटले तरी चालेल. बाराबंदीस बंद असत, फार तर कापडाची गुंडी आणि बिरडे. इंग्रजी शिक्षणाबरोबर सदरे आले, खळीचे कडक कफ आले आणि त्यांस दोन्ही बाजूंनी भोके आली. धोब्याच्या दगडावर बटण टिकत नाही, म्हणून काढघाल करता येतील अशी धातूची बटणे निघाली. छातीवरची एका नाजूक साखळीने जोडलेली, आणि मनगटावरची जोडीजोडीने. जावयास सोन्याची बटणे करण्याची रीत आपल्या बाजूस पडली ती या काळातली. मुंबईच्या वकिलांचे पाहून नाशिकच्या वकिलांनी, त्यांचे पाहून तालुक्याच्या कारकुनांनी, आणि ज्यास सोने परवडत नसे त्याने चांदीची करून घ्यावी, असा तो क्रम होता.

मनगटाच्या एका जोडीस चार चकत्या लागतात. पत्र्यातून चवलीएवढी चकती कापावयाची, लाकडी खळगीत गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकून तिला फुगीरपणा आणावयाचा, कड कानशीने साफ करावयाची आणि पाठीस मधोमध एक नाके डागावयाचे. चकती चवलीहून मोठी केली तर ती उभी धरूनही भोकातून जात नाही. लहान केली तर आपोआप निसटते. मग दोन चकत्यांच्या मध्ये तीन कड्या. गोल कडी चिमट्याने दाबून लांबट करतात, म्हणजे ती अडकत नाही. कड्यांची लांबी अंगठ्याच्या रुंदीएवढी. दुमडलेल्या कफाचे चार पदर त्यात बसले पाहिजेत आणि तरीही मनगट वळले पाहिजे. चकत्यांवर वेलबुट्टी कितीही सुंदर असो, शेवटची मधली कडी डागताना आच चुकली तर नाकी सुटून साराच डाव उधळतो. म्हणून कुशल कारागीर ती कडी सकाळी, हात ताजा असताना, घेत. चांदवडच्या टांकसाळीत चकती करणारा हात आणि बटणाची चकती करणारा हात यांत आम्हांस तरी भेद दिसत नाही. तेथे वजन राखावयाचे होते, येथे आकारही राखावयाचा होता, एवढेच.

संत नरहरी महाराजांची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. पंढरीच्या मूर्तीसाठी केलेला करगोटा एकदा सैल झाला आणि एकदा आखूड झाला. कीर्तनकार त्यातून हरिहरांचे ऐक्य सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कथेत आपल्या धंद्याची एक साधी गोष्टही आहे. करगोटा सैल वा आखूड झाला म्हणजे तो पुन्हा आणून कड्या काढाव्यात वा घालाव्यात. ज्याने ही कथा प्रथम सांगितली त्याने सोनाराचे दुकान नीट पाहिलेले असले पाहिजे.

आता आपल्या आईवडिलांच्या पिढीने भोगलेल्या गोष्टीकडे येतो. १९६३ सालच्या ९ जानेवारीस, चीनच्या युद्धानंतर, सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात अठ्ठावन्नच भाग सोने. ते कठीण, त्याचा रंग लालसर, त्याची तार ओढताना सारखी तापवावी लागते, आणि बावीस कॅरटवर बसलेला डागाचा अंदाज त्यास लागू पडत नाही. गिऱ्हाइकासही ते नको होते. देशभर लक्षावधी सुवर्णकारांच्या घरी चूल पेटेनाशी झाली, आणि कित्येकांनी जीव दिल्याच्या वार्ता आल्या. परदेशी सोन्याची चोरटी आयात थांबावी, देशाचे चलन वाचावे हा हेतू सरकारने सांगितला होता, आणि तो वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण चोरटे सोने आणणारे बंदरांवर होते आणि शिक्षा झाली ती आडगावच्या ऐरणीस. पुढे नियम सैल झाले, १९६६ साली चौदा कॅरटची अट गेली, १९६८ साली स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. मधल्या काळात ज्यांनी हातोडी खाली ठेवून कापडाच्या दुकानात, एस. टी.त किंवा आमच्यासारखी शाळेत वाट धरली, त्यांच्या मुलांनी ती पुन्हा उचलली नाही. चांदीवर बंधन नव्हते. म्हणून ज्यांनी धंदा सोडला नाही त्यांना तोडे, वाळे, करगोटे आणि बटणे यांनी तारून नेले.

टांकसाळ बंद झाली तेव्हाही असेच झाले असेल काय? १८३० सालच्या त्या चारशे घरांचे पुढे काय झाले हे कोणी लिहून ठेविले नाही. रेल्वेही पुढे मनमाडवरून गेली आणि चांदवड बाजूस राहिले.

आज कड्या तयार मिळतात. यंत्र तार ओढते, यंत्रच गुंडाळते आणि कापते. ग्रॅमच्या भावाने पुडीत येतात आणि दिसण्यात निर्दोष असतात. आम्ही त्यांस नावे ठेवीत नाही. यंत्राची कडी हाताच्या कडीहून अधिक सारखी असते हे मान्यच केले पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे. पुष्कळ दुकानांत ती कडी नुसती चेपून बसवितात, डागीत नाहीत. बहिणींनी दागिना घेताना एवढेच करावे: कडी उजेडासमोर धरून नखाने फिरवावी. सांध्यावर केसाएवढी फट दिसली अथवा नखास खाच लागली, तर ती डागून द्या असे दुकानदारास सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे. २०२१ च्या जूनपासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी खूणही आवश्यक झाली, ही गोष्ट उत्तम झाली. पण हॉलमार्क शुद्धता सांगतो, सांधा सांगत नाही. शिवाय दोन ग्रॅमहून हलकी वस्तू त्या सक्तीतून सुटते. तेथे अजूनही कारागिराच्या हातावरच भरवसा ठेवावा लागतो.

२०२३ च्या १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांमध्ये सोनारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि अल्प व्याजाचे कर्ज अशी तरतूद तीत केलेली आहे. समाजातील जे तरुण अजून हाताने काम करतात त्यांनी याची चौकशी करावी. मात्र जंतर विकत मिळते. ते कसे ओढावे हे दाखविणारी माणसे आता बहुतेक गावांत दोन-चारच उरली आहेत, आणि तीही आमच्याच वयाची.

म्हणून कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी घरोघरच्या अवजारांची नावे, ती ज्या घरात ज्या उच्चाराने चालत त्याच उच्चाराने, लिहून मागवावीत. कोणी बाकनळ म्हणेल, कोणी फुंकणी. दोन्ही लिहावीत, शुद्ध कोणते हा वाद घालू नये. तसेच ज्यांच्या देव्हाऱ्यात अथवा आजीच्या पेटीत चांदोरी रुपया असेल त्यांनी त्याचे ग्रॅममध्ये वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवावीत. नाण्यावर अर्धीच अक्षरे दिसली तर ते खोटे समजू नये. शिक्का तुकड्याहून मोठा होता हे वर सांगितलेच आहे. आणि छायाचित्र चांगले यावे म्हणून नाणे चिंचेने वा राखेने घासू नये. चारशे जणांपैकी कोणा एकाने बारा मिनिटे बसून जे वजन राखले ते त्यात उतरेल.